आधी जिना, मग देश: जर्मनीत पहिलं वर्ष बसवताना

मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. चाकणच्या पट्ट्यात जर्मन कारखाने येऊनही बरीच वर्षं झाली, आणि पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकायला येणारे काही कमी होत नाहीत. तरी इकडे येणाऱ्याची तयारी ठरलेली असते: कुकर, गोडा मसाला, थर्मल आणि दोन लेव्हलपुरती भाषा. थंडीचा आणि भाषेचा त्रास होतोच, पण त्याची मनाची तयारी असते. माणूस अडखळतो तो भलत्याच ठिकाणी. कचऱ्याच्या पेटीपाशी, रविवारी दुपारी ड्रिल मशीन काढल्यावर, मीटिंगमध्ये सवयीनं ‘हो’ म्हटल्यावर.

म्हणून हा लेख शहर दाखवत नाही, जिन्यापासून सुरू होतो. इमारत नीट जमली की ऑफिस सोपं जातं, आणि मैत्री सगळ्यात शेवटी येते. हा क्रम उलटा करायला गेलेले लोक वर्षभर ‘जर्मन फार कोरडे’ एवढंच सांगत बसतात. उदाहरणं बहुतेक श्टुटगार्टकडची आहेत. बर्लिनमध्ये थोडं सैल असतं, खेड्यात थोडं घट्ट.

निघण्याआधी: नाव आणि फाइल

आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बहुधा स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. जर्मन कार्यालय ते सगळं तुमचंच पहिलं नाव धरतं. बँक, विमा, पगारपत्रक, सगळीकडे ‘स्नेहा महेश’ अशी हाक येईल. वाद घालू नका. पासपोर्टवर आहे तस्संच, त्याच क्रमानं, प्रत्येक फॉर्मवर लिहा. एका ठिकाणी मधलं नाव गाळलं की पुढचे सहा महिने दोन वेगळ्या व्यक्ती म्हणून पत्रं येतात.

दुसरं, जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला मराठीत असेल तर त्याच्या अधिकृत भाषांतराचं आणि पडताळणीचं काय लागेल ते तिथूनच मार्गी लावा. इथे बसून महापालिकेतलं काम करायचं म्हणजे कोणाला तरी सुट्टी काढायला लावणं आलं.

पहिला आठवडा: पाटीवर नाव, मग नोंदणी

घराची किल्ली मिळाली की पहिलं काम म्हणजे पत्रपेटीवर आणि बेलवर आडनाव लावणं. इथे फ्लॅट नंबर लिहायची पद्धत बहुतेक ठिकाणी नाहीच. पोस्टमन आडनाव बघतो आणि पत्र टाकतो. पेटीवर नाव नाही म्हणजे तुम्ही तिथे राहत नाही, पत्र परत. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लावा. टॅक्स नंबर, बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विम्याचं कार्ड, सगळं कागदी पत्रानं येतं, त्यामुळे या चिकटपट्टीचं महत्त्व कमी समजू नका.

मग ‘अनमेल्डुंग’, म्हणजे पत्त्याची नोंदणी. राहायला आल्यापासून २ आठवड्यांच्या आत करायची असा कायदा आहे, आणि त्यासाठी घरमालकाची सही असलेलं पत्र लागतं. मोठ्या शहरांत वेळच पुढची मिळते. तरी ती २ आठवड्यांच्या आत मागून ठेवली असेल आणि तिची पोच जवळ असेल तर सहसा कोणी ताणत नाही. या नोंदणीनंतर काही दिवसांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल. घरात टीव्ही नसला तरी ती भरायची असते, दर घरामागे महिना १८.३६ युरो. अनेकांना ती फसवणूक वाटते आणि ते पत्र फेकून देतात. मग स्मरणपत्रं आणि दंड.

एक जाड दोन कड्यांची फाइल विकत घ्या. पत्र आलं की त्याच दिवशी उघडायचं, तारीख बघायची, फाइलला लावायचं. आपल्याकडे महत्त्वाचं काम असेल तर माणूस फोन करतो. इथे महत्त्वाचं काम असेल तरच फोन करत नाही.

इमारतीचे नियम, सावकाश

भाडेकरारासोबत ‘हाउसओर्डनुंग’ नावाचा कागद मिळतो. तो सही करून कपाटात टाकायचा नसतो. फोनवरच्या भाषांतर अॅपमधून का होईना, पूर्ण वाचा, कारण शेजारी तो पाठ असल्यासारखे वागतात.

आवाजाचं आधी. रात्री १० ते सकाळी ६ शांतता. रविवारी आणि सणाच्या सुट्टीला दिवसभर. काही इमारतींत दुपारी १ ते ३ सुद्धा. शांतता म्हणजे ड्रिल, हातोडी, व्हॅक्यूम क्लीनर, मोठ्यानं गाणी बंद. साधं बोलणं, मुलांचं रडणं, आंघोळ यात येत नाही. मिक्सरबद्दल सगळे विचारतात: रविवारी सकाळी इडलीचं पीठ वाटायचं असेल तर शनिवारी वाटून ठेवा आणि विषय संपवा. कपडे धुण्याचं यंत्र तळघरात सामायिक असेल तर तिथे वार लिहिलेले असतात. रविवारी धुणं वाळत घालण्यावरून भुवया उंचावणारे शेजारी अजूनही भेटतात, विशेषतः जुन्या वस्तीत.

रविवारची ही शांतता केवळ सवय नाही. १९१९ च्या वायमार राज्यघटनेतलं रविवारच्या विश्रांतीचं कलम १९४९ च्या राज्यघटनेत जसंच्या तसं घेतलेलं आहे. म्हणूनच दुकानंही बंद. दूध, कांदे, डायपर शनिवारी संध्याकाळपर्यंत आणायचे. विसरलात तर मोठ्या रेल्वे स्टेशनवरचं दुकान, पेट्रोल पंप किंवा काही तास उघडणारी बेकरी. घर लावायचं, फर्निचर ठोकायचं काम शनिवारी उरका.

पार्टी असेल, वाढदिवस असेल, तर दोन-तीन दिवस आधी जिन्यात चिठ्ठी लावा: अमुक तारखेला पाहुणे आहेत, त्रास झाला तर बेल वाजवा, खाली नाव. एवढ्यानं अर्धा राग आधीच निवतो. कारण तक्रार आवाजाइतकीच ‘न सांगता’ झाल्याची असते.

आता कचरा. इथे लोक याबद्दल विनोद करतात आणि मग गंभीरपणे तुमची पेटी उघडून बघतात. पेट्यांचे रंग शहरागणिक बदलतात, पण वर्ग साधारण असे: कागद आणि खोकी एका पेटीत, घडी करून, प्लॅस्टिकची, धातूची, टेट्रापॅकची आवरणं पिवळ्या पेटीत किंवा पिशवीत, भाज्यांची सालं, चहाचा चोथा तपकिरी पेटीत, उरलेलं सगळं काळ्या-राखाडी पेटीत. तपकिरी पेटीत प्लॅस्टिकची पिशवी टाकू नका, ‘कंपोस्ट होते’ असं छापलेली पिशवीसुद्धा अनेक शहरांत चालत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून टाका. आजीची पद्धत इथे बरोबर लागू पडते. दही-श्रीखंडाचे डबे घासूनपुसून धुवायची गरज नाही, चमच्यानं रिकामे केले की पुरे. दिवाळीनंतर तळणीचं तेल बेसिनमध्ये ओतायचं नाही. गार झालं की झाकणाच्या बाटलीत भरून उरलेल्या कचऱ्यात.

काचेच्या बाटल्या आणि बरण्या रस्त्यावरच्या मोठ्या टाक्यांत, पांढरी, तपकिरी, हिरवी अशी निवड करून. निळी काच हिरव्यात. पण रात्री आणि रविवारी नाही, कारण फुटण्याचा आवाज होतो. ज्या बाटल्यांवर ठेव असते त्या मात्र दुकानातल्या यंत्रात परत द्यायच्या. एकदाच वापरायची प्लॅस्टिकची बाटली किंवा कॅन असेल तर २५ सेंट, पुन्हा भरायच्या बाटल्यांना ८ किंवा १५. कॅन चेपू नका, बारकोड वाचता आला नाही तर यंत्र घेत नाही. बाहेर फिरताना बाटली नको झाली तर कचऱ्याच्या डब्यात टाकण्याऐवजी डब्याशेजारी ठेवतात, म्हणजे ती गोळा करून पैसे मिळवणाऱ्याला डब्यात हात घालावा लागत नाही. ही रीत मला इथल्या सगळ्या नियमांपेक्षा जास्त आवडते, आणि ती कुठल्याही करारात लिहिलेली नाही.

श्टुटगार्ट आणि आसपासच्या श्वाबियन भागात आणखी एक प्रकरण आहे: ‘केअरवोखे’, म्हणजे झाडण्याचा आठवडा. आळीपाळीनं प्रत्येक घराकडे जिना पुसायची, फुटपाथ झाडायची पाळी येते. तुमची पाळी आली की दाराच्या मुठीवर छोटी पाटी लटकलेली दिसते. शहरानं या सक्तीचा नियम १९८८ मध्ये काढून टाकला, पण भाडेकरारांतून ती सुरूच आहे. जिना स्वच्छ दिसत असला तरी पुसायचा. पुसताना कोणी बघितलं तर उत्तम. बर्फाच्या दिवसांत पाळी असेल तर फुटपाथवरचा बर्फ सकाळी लोक कामाला निघायच्या आत काढायचा. कोणी घसरून पडलं तर जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. म्हणूनच खासगी दायित्व विमा पहिल्याच महिन्यात घ्या. कायद्यानं सक्ती नाही, पण इथे जवळपास सगळ्यांकडे असतो.

आणि खिडक्या. हिवाळ्यात खिडकी उघडायची म्हटलं की आपल्याला शिक्षा वाटते, पण घट्ट बांधलेल्या घरात आंघोळीची, भाताची, वरणाच्या कुकरची वाफ कुठे जाणार? भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते आणि घर सोडताना भांडण अनामत रकमेपर्यंत जातं. ही रक्कम जास्तीत जास्त ३ महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असते, म्हणजे थोडीथोडकी नाही. पद्धत अशी: दिवसातून तीन-चार वेळा हीटर बंद करून खिडक्या पूर्ण उघडायच्या, ५ ते १० मिनिटं, शक्य तर समोरासमोरच्या. मग बंद. खिडकी दिवसभर तिरकी फटीएवढी उघडी ठेवणं सगळ्यात वाईट. भिंत गार होते, हवा बदलत नाही, हीटिंगचं बिल वाढतं. फोडणी करताना स्वयंपाकघराचं दार लावा आणि खिडकी उघडा. घराचं मुख्य दार उघडून वास जिन्यात सोडणं हा मात्र तक्रारीचा हमखास रस्ता.

जिन्यात चपलांचं कपाट, सायकल, बाबागाडी ठेवण्याआधी विचारा. ती आगीच्या वेळी पळायची वाट असते.

रस्त्यावर आणि दुकानात

हे लवकर जमतं. सायकलच्या पट्ट्यावर चालायचं नाही. रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्यात ओलांडायचा नाही, शेजारी लहान मूल उभं असेल तर अजिबातच नाही. ट्रेनमध्ये स्पीकरवर घरी व्हिडिओ कॉल नको. डॉक्टरकडे वाट बघायच्या खोलीत शिरताना सगळ्यांना मिळून नमस्कार करायचा, दक्षिणेत ‘ग्र्यूस गोट’ म्हणतात. लिफ्टमध्ये आणि जिन्यातही. खिशात थोडी रोख असू द्या, छोट्या बेकऱ्या कार्ड घेतातच असं नाही. नळाचं पाणी पिण्याचं आहे, पण हॉटेलात पाणी फुकट मिळेल असं धरू नका. बिल देताना ‘एकत्र की वेगवेगळं’ असं विचारतात. वेगवेगळं म्हणण्यात कोणाचाही अपमान नाही. टिप टेबलावर न ठेवता पैसे देतानाच आकडा वाढवून सांगायची, ५ ते १० टक्के.

रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११२, पोलीस ११०. जिवावरचं नाही पण दवाखाना बंद आहे, अशा वेळी ११६११७. हा तिसरा नंबर नवख्यांना माहीत नसतो आणि ते रात्रभर इस्पितळाच्या तातडीच्या विभागात बसून राहतात.

ऑफिस: ‘हो’ जपून वापरा

आपण ‘हो, करतो’ म्हणतो तेव्हा त्यात ‘ऐकलं’, ‘समजलं’, ‘बघतो’ आणि ‘तुम्हाला नाही कसं म्हणू’ हे सगळं असतं. ऐकणारा मराठी माणूस आवाजावरून ओळखतो कुठलं ते. जर्मन सहकारी ओळखत नाही. त्यानं ते वहीत लिहिलं आणि शुक्रवारची योजना त्यावर रचली. शुक्रवारी काम झालं नाही तर उशिरापेक्षा त्याला हे जास्त लागतं की बुधवारीच माहीत असताना तुम्ही बोलला नाहीत. तर उत्तर तीनच प्रकारचं द्या: हो आणि तारीख, नाही आणि कारण, किंवा ‘उद्या दुपारपर्यंत सांगतो’, आणि मग खरोखर सांगा. मान डोलावून होकार देणं पहिल्या वर्षी बंदच ठेवा, समोरच्याला ते ‘नाही’सारखं दिसतं.

उलट बाजूनं, मीटिंगमध्ये कोणी सरळ म्हणेल, ‘हे बरोबर नाही.’ आधी कौतुक नाही, नंतर मलमपट्टी नाही. त्या वाक्याचा विषय तुमची स्लाइड आहे, तुम्ही नाही. तासाभरानं तोच माणूस कॉफीला बोलावतो आणि त्याला मघाचं काही आठवतही नसतं. उत्तरही तसंच द्या, मुद्द्याला मुद्दा. गप्प बसलात तर तुमच्याकडे मुद्दाच नव्हता असा अर्थ निघतो, नम्रता कोणी मोजत नाही.

काम संपल्यानंतर फोन नको, सुट्टीतल्या माणसाला तर नकोच. त्याच्या बदलीवर कोण आहे ते नाव त्याच्या स्वयंचलित ईमेलमध्ये असतं. आजारी पडलात तर कामाची वेळ सुरू होण्याआधी कळवा. आजार ३ दिवसांपेक्षा लांबला तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, काही कंपन्या पहिल्याच दिवशी मागतात, ते करारात बघा. सरकारी आरोग्य विमा असलेल्या बहुतेकांचं ते २०२३ पासून ऑनलाइनच जातं. सर्दी-तापात ऑफिसला येऊन दाखवलेली निष्ठा कोणाला आवडत नाही, सगळ्यांना आजारी पाडाल म्हणून सुनावतील.

वाढदिवशी केक तुम्ही आणायचा. आणि कोणाला आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नका, इथे ते अशुभ मानतात. एरवी यंत्रासारखे काटेकोर वाटणारे लोक याबाबत आपल्या आजीइतके पक्के आहेत.

तू-तुम्हीचं गणित मराठी माणसाला सोपं जायला हवं, एक फरक सोडून. आपल्याकडे साहेब तुम्हाला ‘तू’ म्हणतात आणि तुम्ही त्यांना ‘तुम्ही’. इथे दोन्ही बाजूंनी सारखंच. शेजारच्या आजी तुम्हाला ‘झी’ म्हणजे ‘तुम्ही’ म्हणतील, तुम्हीही तेच म्हणा, आणि ‘डू’वर यायचं आमंत्रण त्यांच्याकडून येऊ द्या. आयटीतल्या ऑफिसात पहिल्या दिवसापासून ‘डू’ असतं.

पाहुणचार: आग्रह नाही

घरी बोलावणं येईल, पण उशिरा येईल. ४ वाजता म्हणजे ४ वाजता. १० मिनिटांपेक्षा उशीर होणार असेल तर कळवा. लवकर पोहोचणं त्याहून वाईट, कोपऱ्यावर थांबा. दुपारचं ‘कॉफी आणि केक’चं बोलावणं असेल तर जेवण नसतं, ६ च्या सुमारास निघायचं. रात्रीचं असेल तरी पाव, चीज, सॅलड असं गार जेवण असू शकतं. त्यांनी कमी केलं असं समजू नका, ते रोज तेच खातात.

मोठा फरक आग्रहाचा. ‘आणखी घेणार?’ असं एकदाच विचारतात. आपण रीतीप्रमाणे ‘नको नको’ म्हणतो आणि भांडं उचललं जातं. हवं असेल तर पहिल्यांदाच ‘हो’ म्हणा. तुमच्या घरी ते आले की त्यांच्या ‘नको’वर पुरणपोळी वाढू नका, ताटातलं टाकायचं नाही म्हणून बिचारे संपवतील आणि पुढच्या वेळी यायला कचरतील.

शाकाहारी असाल तर आमंत्रण स्वीकारतानाच सविस्तर सांगा. इथल्या शाकाहारात अंडं चालतं, त्यामुळे ‘अंडंही नाही’ हे वेगळं सांगावं लागतं. गमी गोळ्यांत आणि काही गोड पदार्थांत जिलेटिन असतं, बऱ्याच चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट. कडक पाळणाऱ्यांनी लेबल वाचायची सवय लावावी.

मैत्रीसाठी ऑफिसपेक्षा ‘फेराइन’ बरा, म्हणजे नोंदणीकृत मंडळ. देशभरात अशी सुमारे ६ लाख मंडळं आहेत: गिर्यारोहण, बॅडमिंटन, समूहगायन, बागकाम. दर मंगळवारी तीच माणसं, तीच वेळ. तीन महिने काहीच घडत नाही. मग कोणीतरी खुर्च्या आवरायला मदत मागतं, आणि तिथून पुढे सरकतं. आधी वर्गणी आणि श्रम, नंतर गप्पा. ज्यानं गणपती मंडळात कधी वर्गणीची पावती फाडली आहे त्याला ही रीत परकी वाटू नये.

सण आणि शाळा

आपली मंडळं बहुतेक मोठ्या शहरांत आहेत आणि सण शनिवार-रविवारी होतात. हॉलमध्ये ढोल वाजवा, पण करारातली वेळ पाळा. घरचा गणपती शाडूचा आणा आणि बादलीत विसर्जन करा. नदीत किंवा तळ्यात परवानगीशिवाय नाही. पणत्या बाल्कनीत लावा, जिन्यात नको. दिवाळीचे फटाके सोडूनच द्या: सामान्य लोकांना ते फक्त ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला उडवायची परवानगी आहे, विक्रीही वर्षअखेरच्या तीन दिवसांतच. फुलबाज्या मात्र वर्षभर चालतात.

मुलं शाळेत असतील तर एक गोष्ट तिकीट काढण्याआधी लक्षात घ्या. शाळेची सक्ती इथे शब्दशः आहे. तिकीट स्वस्त मिळतं म्हणून सुट्टी लागायच्या दोन दिवस आधी मुलांना घेऊन निघालात तर दंड होऊ शकतो. बायर्न (बव्हेरिया) राज्यात तर पोलिसांनी विमानतळावर अशी कुटुंबं अडवलेली आहेत. लग्न किंवा सणासाठी हवी असेल तर शाळेत लेखी अर्ज आधी द्या, उत्तराची वाट बघा, आणि मगच बुकिंग करा. शाळेच्या कार्यक्रमात इतरांच्या मुलांचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, आधी त्यांच्या पालकांना विचारा.

आई-बाबा येतात तेव्हा

हिवाळ्यात बोलावू नका. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास अंधार पडतो, आणि दिवसभर घरात बसलेल्या माणसाला ते फार लागतं. एप्रिलनंतर बोलवा. आल्यावर पहिल्या संध्याकाळी त्यांना कचऱ्याच्या पेट्या दाखवा आणि फ्रिजवर मराठीत तक्ता लावा. बाबांना बाल्कनीत फोनवर मोठ्यानं बोलायची सवय असेल तर त्यांना भारतात फोन करायच्या वेळा ठरवून द्या, तिथली वेळ उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असते. बेल वाजली आणि कुरियरवाल्यानं शेजाऱ्यांचं पार्सल पुढे केलं तर ते घ्यायचं, फसवणूक नाही, इथे तशी पद्धत आहे. संध्याकाळी शेजारी घ्यायला येतात आणि बहुतेकदा आईची त्यांच्याशी ओळख तुमच्या आधी होते.

औषधं पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढी आणायला सांगा. सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, आणि तिच्यात कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव. भारतातलं ब्रँडचं नाव इथल्या औषधवाल्याला समजत नाही, आणि रक्तदाबाची गोळी तो इथल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही.